मुक्कामाचा माल

सव्वानऊ वाजले का माझं बूड एका जागी टिकत नाही. सव्वानऊले शेअर बाजार उघडते. तोपर्यंत अमरावतीच्या भाजीबाजारात माझे वांगे, मेथी, मिरच्या सगळं खपून जाते, छोटा हत्ती टेम्पो रिकामा होते, अन् मी चहाच्या टपरीवर मोबाईल घेऊन बसतो. बसतो म्हणाचं आपलं. खरं म्हणजे नुसती उठबस. चहावाला म्हणते, "गोवर्धनभाऊ, मुंग्या चावून राहिल्या काय?" मी त्याले शिवी देतो अन् बोट चालवतो.

वावर आमचं परतवाड्याजवळ. तीन पिढ्या भाजीच्या. भाजीवाल्याच्या घरी माल मुक्कामाले राहत नाही, राहिला त सडते. माझी बायको रुख्मिणी मात्र दर्यापूरकडची, कापूसवाल्याची लेक. तिचे बाबा घरात छतापर्यंत कापूस भरून ठेवत अन् भाव येईपर्यंत त्याच्यावरच झोपत. सारं घर आंग खाजवे, पण बुढा काही हलत नव्हता. दोन घरांत एवढा फरक, अन् ह्याच फरकानं माझी वाट लावली.

शेअरात टाकले ते पैसे रुख्मिणीचे होते. सासरे गेले तेव्हा तिचा भाऊ देवानंद हक्कसोडीचा कागद घेऊन आला. बहिणी साडीचोळीवर सही करतात, तशी हीपण करन असं त्याले वाटलं. हिनं नाही केली. "दादा, मी काय फक्त साडीपुरती लेक होतो काय?" म्हणाली. तीन लाख घेतले, मग सही केली. देवानंद जाताना म्हणाला, "झालं. आता तिकडं तुझं काही राह्यलं नाही." चार वर्षं ना राखी, ना दिवाळी. ते तीन लाख म्हणजे तिचं उरलेलं माहेर होतं. तिनं त्यातला एक रुपया मोडला नाही. मले म्हणाली, "चांगल्या कंपन्यांत टाका, अन् बाबाच्या कापसावाणी ठेवा. हात लावू नका."

आता दलाल कोणता धराचा? आमी दोघं आधी अमरावतीले शालिकरामजीकडं गेलो. जिना चढून एक खोली, खडखड पंखा, दोन कॉम्प्युटर. "घेताना शेकड्याले अर्धा रुपया, विकताना अर्धा," तो म्हणाला.

"त्याच्यात आमाले काय भेटते?"

"मी फोन उचलतो. अन् तुमी विकतो म्हणाले का, नका विकू म्हणतो. त्याचेच पैसे."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर अडत, हमाली, तोलाई देऊन देऊन माझी सालं निघाली, अन् हा माणूस 'नका' म्हणाचे पैसे मागते! रुख्मिणीले तो पटला होता. "समोर माणूस दिसते तरी," म्हणाली. म्या ऐकलं नाही. अमरावतीले शिकते त्या आमच्या आकांक्षानं मोबाईलवर एक ॲप दाखवलं. "बाबा, घेऊन ठेवले त दलाली शून्य. त्याच दिवशी घेऊन विकले त दर सौद्याले वीस रुपये, वरतून टॅक्स." पोट्टीनं सगळं नीट सांगितलं. म्या फक्त शून्य ऐकलं.

आठ कंपन्या घेतल्या. त्या रात्री झोप नाही. माल घरात पडला अन् मी कसा झोपू? सकाळी भाव जरासा चढला, दुपारपर्यंत सगळं विकून मोकळा. बाराशे नफा! बाप्पा, काय हलकं वाटलं! मग सवयच लागली. सकाळी घ्याचं, साडेतीनले बाजार बंद व्हाच्या आत विकून टाकाचं. दिवसाले सात-आठ सौदे. रुख्मिणी विचारे, "ठेवले ना?" मी म्हणो, "ठेवले ना वं." चौदा महिने हेच उत्तर दिलं.

मागच्या महिन्यात देवानंद दारात उभा राह्यला. हातात पत्रिका अन् अक्षता. "प्राजक्ताचं लग्न आहे. पोट्टी म्हणते, आत्या पाहिजेच." पाणी पिला, चहाले थांबला नाही, गेला. रुख्मिणी ती पत्रिका मांडीवर घेऊन ओट्यावर बसली अन् ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अवो, ते पैसे काढा. जेवढे झाले असतीन तेवढे. मी प्राजक्ताच्या ओटीत टाकतो. दादाच्या घरचे होते, दादाच्या घरी जाऊ दे. मले माहेर पाहिजे."

मी "हो" म्हणालो अन् गोठ्यामागं जाऊन ॲप उघडलं. एक लाख नव्वद हजार.

लग्नाले नऊ दिवस होते. ते नऊ दिवस मी कसे काढले माझं मले माहीत. जेवताना मोबाईल, गाडीत मोबाईल. एका गिऱ्हाइकाले पाच किलोच्या जागी सात किलो मिरची तोलून दिली अन् वरून त्याच्याशीच भांडलो. आकडा हिरवा झाला का वाटे आणखी थोडा थांबू, पण थांबता येत नव्हतं, हात आपोआप विकून टाके. लाल झाला का घाबरून विको. रुख्मिणी इकडं साडीले फॉल लावून राहिली होती, अन् फॉल लावता लावता गाणं गुणगुणे. ते गाणं ऐकलं का मी मोबाईल घेऊन गोठ्यामागं पळो. सहा दिवसांत आणखी आठ हजार गेले.

सातव्या दिवशी आकांक्षाकडं गेलो. म्हटलं, "पैसे कुठं गेले ते पाहून सांग." तिनं ॲपमधून चौदा महिन्यांचा हिशेब काढला अन् मोबाईल माझ्यासमोर धरला.

"बाबा, सौद्यांतला तोटा सत्तेचाळीस हजार."

"अन् बाकीचे?"

"एकाहत्तर हजार दलाली अन् टॅक्स."

"शून्य दलाली ना वं?"

"ठेवणाऱ्याले शून्य. तुमी ठेवलं कुठी?"

शालिकरामजीनं त्या तीन लाखांचे पंधराशे घेतले असते. पंधराशे! अन् मले रोज 'नका' म्हटलं असतं.

घरी आलो तेव्हा रुख्मिणी गवार मोडून राहिली होती. म्या उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "अन् त्या पहिल्या आठ कंपन्या? ठेवल्या असत्या त?" तो आकडा मले पाठ होता, कारण मी रोज पाहो. "तीन लाख सत्तर," म्हटलं.

"एक दिवस धीर धरता येत नाही तुमाले!" तिनं गवारीचं टोपलंच फेकलं. "माहेर मोडून आणले होते मी ते! माहेर! अन् तुमी चिल्लर केली त्याची." मग उठली अन् अंगणभर पसरलेल्या शेंगा एक एक वेचू लागली. मी मदतीले वाकलो त म्हणाली, "हात लावू नका." दोन दिवस अबोला.

लग्नाच्या दिवशी एक लाख ब्याऐंशी हजार एका पिशवीत घालून आमी दर्यापूरले गेलो. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. रुख्मिणीनं देवानंदले आतल्या खोलीत बोलावलं. मी मागं उभा. वाटलं, आता सांगन माझं नाव. सांगू दे. लायकी तीच आहे माझी.

"दादा, हे तुझे पैसे. प्राजक्ताले दे," ती म्हणाली. "तीन नाहीत, एक ब्याऐंशी आहेत. बाकीचे म्या उडवले. साड्या, दागिने, असंच."

देवानंदनं तिच्याकडं पाह्यलं. गळ्यात काळी पोत, दुसरं काही नाही. पण त्याले ते दिसलं नाही. "मले तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला. "लोभ कुठी जाते?" पिशवी घेतली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊजी, जेवून जाजा. तुमी भले माणूस, म्हणून निभावलं हिचं."

एक किलो वांग्यासाठी अर्धा तास भांडणारा मी, अन् तोंडातून शब्द निघाला नाही. वरून जेवलो. बुंदी दोनदा घेतली. थू माझ्या जिनगानीवर!

परतताना दिवस मावळतीले आला होता. अंजनगाव मागं गेलं तरी ती खिडकीबाहेरच पाहून राहिली होती. शेवटी म्या विचारलं, "काहून केलं तसं?"

"माझं तठी तसंही काही राह्यलं नव्हतं," ती म्हणाली. "तुमचं तरी राहू द्या. उद्या आकांक्षाचं लग्न कराचं आहे. मामा लागते मांडवात."

पुढं एक मैल मी गाडी चालवली. घरी जाऊ, हातपाय धुऊ, झोपू. सकाळी बाजार. देवानंदले कधीतरी सांगू, सवडीनं, दिवाळीले. असं मनात म्हणून राहिलो होतो, पण बूड टिकेना. मोबाईल खिशात होता, बाजार कधीचा बंद झालेला, तरी तीच सव्वानऊची खाज.

म्या ब्रेक मारला अन् गाडी वळवली.

"अवो, कुठी चालले?"

"दर्यापूरले. देवानंदले सांगतो, कोणी उडवले ते."

"आता? मांडव सोडून राहिले असतीन ते. उद्या जा. एवढी काय घाई?"

"रुख्मे, घरी माल मुक्कामाले ठेवणं होत नाही माझ्याच्यानं. तुले माहीत आहे."

तिनं माझ्याकडं पाह्यलं. गवार फेकली तेव्हापासून पहिल्यांदा. मग पदर डोक्यावर घेऊन सरळ बसली.

"मग हळू चालवा," म्हणाली. "रस्ता खराब आहे."