डाव्या हाताचा पीळ

दिवाकर पिंपळापुऱ्यांनी गाडीची डिकी उघडली, आतली सतरंजी ओढून बाजूला टाकली आणि मागं उभ्या असलेल्या बापूला म्हणाले,

"घे. याचा आवाज बरोबर करून दे. पूर्ण. जेवढा निघतो तेवढा."

बापूचं घमापुरातलं दुकान म्हणजे एक शटर आणि बाहेर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. गाड्यांत स्पीकर बसवायचं काम. दिवाकररावांचा मुलगा बंडू त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बंडू तापाचं निमित्त होऊन गेला, त्यानंतर ही गाडी दुकानासमोर आज पहिल्यांदाच आली होती. डिकीत बंडूनं स्वतः बसवलेली काळी पेटी, तिच्यात परातीएवढे दोन सबवूफर, बाजूला अँप्लिफायर. बापूनं त्याच्यावरची धूळ उगीचच फडक्यानं पुसली.

"आजच काहून, काका?"

"उद्या वर्षश्राद्ध आहे. वर्षभर तुझ्या काकूनं घरात रेडिओ लावू दिला नाही. उद्या ग्वारीघाटावर विधी करून परत येताना लावीन म्हणतो. पेटी बसवली तेव्हा मागं लागायचा ना, बाबा, एकदा पूर्ण ऐका, एकदा पूर्ण ऐका. चलो, ऐकतो आता."

पुढच्या सीटवर इंदूबाई बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

या पेटीपायी बापलेकांची एकदा चांगली जुंपली होती. दिवाकररावांचं बायपास झालं, त्यानंतर गाडीत बसले की तो धमधमाट थेट छातीच्या टाक्यांवर यायचा. 'काढ तो पेटारा,' ते म्हणाले. 'नाही काढणार,' बंडू म्हणाला. दोघंही एका माळेचे मणी, माघार कोण घेतो! कितीतरी दिवस एका ताटाशेजारी दुसरं ताट, पण बोलणं नाही. मग कधीतरी आवाज आपोआपच दबला. दिवाकररावांना आयती संधी मिळाली. 'एवढा मोठा पेटारा, अन् आवाज डब्याचा!' असं ते येताजाता म्हणायचे. बंडू नुसता हसायचा. त्या हसण्याचा त्यांना आणखीच राग यायचा.

बापूनं गाणं लावलं. गाणं वाजलं, पण खालचा जो जाड आवाज, बेस, तो कुठंच नव्हता.

दिवाकररावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डिकीत वाकले. सगळी नोकरी फॅक्टरीत, वायरिंगच्या कामात गेली होती. नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचे, लाल लालला, काळी काळीला, बाकी अक्कल मागून. बोटं तारांवरून सरकत गेली आणि एका जोडाशी थांबली.

"हे बघ! लाल तार काळीला जोडून ठेवली आहे. उलटी! एका स्पीकरचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो. दोघं एकमेकांचा आवाज खाऊन राहिले. अरे, बाप इलेक्ट्रिशियन, अन् पोराला दोन तारा जोडता येऊ नयेत?"

"काका, थांबा जरा."

"काय थांबू? चड्डीत होता तेव्हापासून सांगून राहिलो. ऐकेल तर शपथ!"

खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. वर्षभर रागवायला कोणी नव्हतं. लोक येत, गोड बोलत, डोळे पुसत, आणि जात. आज कुठं बंडू पुन्हा तावडीत सापडला होता. त्यांनी नखानं टेप सोलला, तारांचा पीळ उलगडला. पीळही उलटाच, डावखुऱ्याचा. लहानपणी बंडूनं डावा हात ताटात घातला की ते चापट मारायचे. जेवायला तो उजव्यानं शिकला. बाकी सगळं डाव्यानंच.

तारांची दोन्ही टोकं सुटी झाली. बापू त्या टोकांकडे बघत राहिला.

"चूक नव्हती ती, काका."

"म्हणजे?"

"तुमच्या ऑपरेशननंतर इथंच बसून केलं त्यानं. मी म्हटलं, पेटीच काढून टाक ना यार. तर म्हणे, काढली तर बाबांना वाटेल, माझ्यापायी पोरानं हौस सोडली. मग ते गाडीत पाय ठेवणार नाहीत, ऑटोनं जातील दवाखान्यात. त्यापेक्षा वाटू दे त्यांना, पोराला जोडता येत नाही. घरी सांगू नको म्हणाला होता."

दिवाकररावांनी विचारलं,

"अन् दोस्तांबरोबर जायचा तेव्हा? तेव्हा सरळ करत असेल."

"नाही. तसंच राहायचं. सगळे चिडवायचे, क्या भाई, इतना बड़ा डिब्बा और आवाज़ कुछ नहीं. हसायचा."

पुढून काच खाली झाली.

"अहो, झालं का?" इंदूबाईंनी विचारलं.

"होऊन राहिलं," दिवाकरराव म्हणाले.

बापूनं पक्कड उचलली.

"सरळ जोडून देऊ, काका?"

"नको. होतं तसंच."

त्यांनी लाल तार काळीला लावली. उभ्या जन्मात जाणूनबुजून केलेला हा पहिला उलटा जोड. बोटं सवयीनं उजवीकडे फिरली. त्यांनी पीळ उलगडला, पुन्हा धरला, डावीकडे फिरवायला लागले. तार निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. तांब्याच्या बारीक तारांना बंडूच्या पिळाची वळणं अजून होती. तीही त्यांच्या बोटांखाली सरळ होत चालली, तेव्हा ते घाबरून थांबले.

"बापू, तुला येतो का रे हा पीळ?"

बापूनं नाही म्हणून मान हलवली.

"बंडूच करायचा, काका. आमचं सगळ्यांचं उजवीकडेच जाते."

गाणं केव्हाच संपलं होतं. दिवाकररावांनी सदऱ्याला हात पुसले. मग डिकीच्या काठावर टेकून बसले आणि तार डाव्या हातात घेतली.