प्रणालीच्या बोटीवरच्या चिरा

माझी धाकटी जाऊ प्रणाली शिडाची बोट घेणार, हे कळलं तेव्हा मी कोलंबी सोलत होते. ऐकताच दोन कोलंब्या सालासकट पातेल्यात गेल्या. खोटं कशाला बोलू? जळले मी. दिवेआगरात आमची घरं एकाच वाडीत, एकाच कुंपणात. वादळात नारळ-पोफळी दोघींच्याही पडल्या. पण तिने त्या उघड्या पडलेल्या जागेत चार खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली, आणि मी अजून तिच्याच पाहुण्यांना मोदक करून देते. आता त्यांना समुद्रात फिरवायला बोट! तीही शिडाची!

"ताई, तूच चल ना बघायला," प्रणाली म्हणाली. "जुनी आहे, फायबरची. त्यातलं तुझ्याइतकं इथे कोणाला कळतंय?"

ते मात्र खरं होतं. माझं माहेर उरणचं. बाबांची फायबरच्या होड्या दुरुस्त करायची शेड होती. लग्न होईपर्यंत मी तिथे रेझिन कालवलंय, काचेच्या धाग्यांची मॅट चिकटवलीय, घासून घासून बोटांची सालं काढलीत. सासरी येऊन त्या विद्येचा उपयोग काय, तर पाण्याच्या टाकीला ठिगळ लावणे.

प्रणालीच्या प्रत्येक वस्तूला मी नावं ठेवते, हे अख्ख्या आळीला माहीत आहे. तिने फरशी बसवली, मी म्हटलं दवाखान्यासारखी दिसते. झोपाळा आणला, म्हटलं किती करकरतो. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही, नुसती गोड हसायची. ते हसणं तर मला अजिबात सहन होत नाही.

शनिवारी सकाळी दिघीला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी घातली, आगरदांड्याला उतरलो आणि मुरुडच्या अलीकडे खाडीकाठच्या एका यार्डात पोचलो. गाडी चालवणारा प्रणालीचा नवरा, माझा दीर परेश, वाटभर शिडं आणि वारा याशिवाय दुसरं बोलला नाही. बोट लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली. पांढरी, निळा पट्टा, लांबट, देखणी. बघताक्षणी वाटलं, ही माझी असायला हवी होती. मेलं, सगळं हिच्याच नशिबात!

वर चढलो तर डेकवर केसाएवढ्या बारीक चिरा. एका जागी कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि कोपऱ्यांत ओळीने. प्रणालीचं तोंड उतरलं.

"अगंबाई, ही तर फुटलीय!"

मला आतून उकळ्या फुटल्या. टाकाऊ आहे म्हणायचं आणि घरी जायचं, हे मी निघतानाच ठरवलं होतं. ओढणी कमरेला बांधली, मालकाकडून बादली मागून डेक धुतला, कोरडा केला, कपड्यांची नीळ बोळ्याने चिरांवर फासली आणि लगेच पुसून काढली. चिरांत निळ्या रेघा राहिल्या, एकेक मोजून घ्यावी अशा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. आतले थर सुटले असले तर आवाज भद्द येतो. इथे नुसतं टक टक टक, खणखणीत. जाळं होतं तिथे कोणीतरी नांगर आपटला असणार. कोपऱ्यांत जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, जाड बसला म्हणून तडकला होता. खरी भीती असते ती शिडाच्या तारा अडकवतात तिथली आणि कठड्याच्या खांबांच्या बुडाची. तिथून चिरा फाकल्या असतील तर बोट आतून खिळखिळी झाली म्हणायची. तिथे एक रेघ नाही! परेशला उड्या मारायला लावल्या. डेक लवेना, चीर उघडेना. शेवटी मालकाला विचारून एक चीर तासणीने खरवडली. वरचा जेलकोट संपला तिथेच चीर संपली. खालची मॅट कोरडी, अख्खी.

मला रडू यायचं बाकी होतं. पण बाबांच्या शेडमध्ये खणखणीत आवाजाला भद्द म्हणायची कोणाची छाती नव्हती. ठोकून झाल्यावर माझीही जीभ वळेना.

"बोट चांगली आहे," मी म्हटलं. "नुसती वरची साल तडकलीय. दोन दिवसांचं काम, मी करून देईन. डोळे झाकून विकत घ्या."

परेश विसार द्यायला निघालाच होता. प्रणालीने त्याचा हात धरला आणि मालकाला म्हणाली, "कळवतो आम्ही."

परतताना जंगलजेटीच्या कठड्याशी परेशने तिला विचारलं, "आता काय झालं?"

"ताई, रागावू नको हं," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "तू फरशीला नावं ठेवलीस, ती पाहुण्यांना आवडली. झोपाळ्याला ठेवलीस, सगळे त्यावर बसूनच फोटो काढतात. तू नाक मुरडलंस की मी निर्धास्त होते. आणि आज बारा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या वस्तूला चांगलं म्हणालीस. मग मी ही कशी घेऊ गं?"

म्हणजे ते गोड हसणं यासाठी होतं तर! माझी जळजळ हा बाईसाहेबांचा हॉलमार्क! माझं डोकंच फिरलं.

"वहिनी, तुम्ही समजवा ना हिला," परेश काकुळतीला आला. "शपथ घेऊन सांगा."

शपथेची काही गरज नव्हती. 'पट्ट्याचा रंग काय भिकार आहे' एवढं पुटपुटले असते, तरी प्रणालीने तिथूनच मालकाला फोन लावला असता. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

ते गिळलं आणि बोलायला लागले.

"बाबांची शपथ, प्रणाली, अशी बोट मी शेडमध्येसुद्धा पाहिली नाही. काय तो बांधा! काय तो रंग! आवाज तर असा की ऐकत राहावं. तुला शोभेल हो. घेच तू." शब्द न् शब्द खरा होता. प्रणालीचा चेहरा एकेका शब्दाला पडत गेला आणि मला जोर चढत गेला. मी दिघी दिसेपर्यंत थांबले नाही.

परेशने मालकाला फोन केला. "नको साहेब. नाही, चिरांचं काही नाही. घरच्यांचं मन होत नाही."

मग तो गाडीत जाऊन बसला. प्रणाली पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा त्याने काच खाली केली.

"वहिनी, बोट खरंच चांगली होती?"

"होती," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. त्याचा विश्वास बसला होता.