उसनं फोल्डर

नगमाच्या फोल्डरमध्ये एकशे सदतीस पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार प्रोग्रॅम, होती. तिनं स्वतः बसवलेलं त्यांतलं एकही नव्हतं. कृषी विद्यापीठातल्या तिच्या विभागाच्या क्लस्टरमध्ये बारा नोड, म्हणजे एकत्र जोडलेले संगणक; त्यांतले नऊ चालू, दोन बंद, एकाचा पंखा काढून ठेवलेला. अकोल्याच्या गेल्या सालच्या हवामानाची फाइल एक. आणि पडद्यावर ओळही एकच: पायथन सापडला नाही.

तिचा प्रोग्रॅम ज्याच्यावर चालायचा तो पायथन काल तर चालत होता. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, तीच आज्ञा पुन्हा दिली. तीच ओळ.

साल २०१८, जुलै. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं वऱ्हाडातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आतून पोखरली होती. सल्ल्याचा मेसेज मोबाइलवर पोचला तेव्हा अळी बोंडात शिरून बसली होती. अकोटला नगमाच्या मामूंनी, इनायतुल्लांनी, उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला. अमरावतीहून एमएस्सी करून आलेल्या नगमानं मग तापमानावरून अळीचे पतंग कधी निघतील ते सांगणारा प्रोग्रॅम लिहिला. विभागप्रमुख सूर्यभान सरांची अट सरळ होती: गेल्या सालच्या हवामानावर चालवून दाखव. सापळ्यात पतंग खरोखर सापडले त्या तारखेपासून फरक तीन दिवसांच्या आत आला, तर यंदा शेतकऱ्यांना सल्ल्यात तुझी तारीख जाईल. नाहीतर गेल्या सालचीच.

"काय वं नगमा, तुहं यंत्र रुसलं का?" सरांनी दारातूनच विचारलं.

"करून राहिली, सर."

"कवाची करून राहिली! पाचले मजकूर पाठवा लागते मले. नाई झालं तं जुनीच तारीख टाकतो, मंग तोंड फुगवू नको."

इथलं इंटरनेट डाउनलोड होता होता मान टाकायचं. म्हणून विभागात रीतच पडली होती: नव्यानं आलेल्यानं जुन्याचं फोल्डर कॉपी करून घ्यायचं, शेजारून विरजण आणावं तसं. नगमानं शिवमचं घेतलं होतं. शिवम नोकरीला हैदराबादला गेला, आणि काल त्याचं खातं बंद झालं. पण कॉपी तर तिच्याकडे होती!

"माह्यं घे ना," शेजारच्या टेबलावरून दानिश म्हणाला. तो मातीच्या फोटोंवर काम करायचा. "चाललं तं मिठाई चारजो."

तिनं घेतलं. चाललं. नगमा पाय हलवत पडद्याकडे बघत बसली. पडद्यावर गेल्या सालचा जून गेला, जुलै गेला, ऑगस्टच्या तापमानावर प्रोग्रॅम मधेच मेला.

"दानिश, तू आत्ता काई केलं का रे?"

"माह्या फोल्डरात एक पॅकेज नवीन टाकलं. तुह्या फोल्डरले हातबी नाई लावला, कसम से."

तिनं पायथनलाच विचारलं, तू राहतोस कुठे? उत्तरात दानिशच्या फोल्डरचा पत्ता आला. मग जुनं फोल्डर उघडून पाहिलं. तिथे शिवमचा पत्ता. फोल्डर कॉपी झालं तरी आत लिहिलेले पत्ते मूळ घराचेच राहत होते. इतके महिने तिचा प्रोग्रॅम शिवमच्या पायथनवर चालला होता.

"म्हणजे मी तुह्याच घरात राहून राहिली होती," ती म्हणाली, "अन् तू भांडे हलवले."

"मंग किराया दे!"

ती कीबोर्डकडे वळली. रिकामं फोल्डर केलं, त्यात नवा पायथन मांडला.

"एकशे सदतीस टाकशीन तं दिवाळी येईन, आपा."

नगमानं स्वतःचा प्रोग्रॅम वरपासून वाचला. त्याला लागत होती फक्त पाच. गणना करणाऱ्या नोडना इंटरनेट नव्हतं, म्हणून पाचही इंटरनेट असलेल्या मुख्य संगणकावरूनच उतरवायला घेतली. तीन आली. चौथं अर्ध्यात तुटलं, पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं. दानिश उठून व्हरांड्यात गेला आणि ओरडला, "भाऊ, व्हिडिओ बंद करा सगळे! बोंडअळी डाउनलोड होऊन राहिली!"

चौथं आलं. पाचवंही आलं. तिनं पुन्हा पायथनला पत्ता विचारला. या वेळी तिचंच नाव आलं. तिनं काम नोडवर पाठवलं.

सूर्यभान सर मागे येऊन उभे राहिले. मोबाइलवर जुन्या तारखेचा मजकूर तयार होता, अंगठा बटणाच्या वर. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला.

"बोल," सर म्हणाले.

पडद्यावर ओळ आली. फरक: २.८ दिवस.