झाकणावरच्या टिकल्या

सायले, तू निस्तं ऐक. मधी बोलू नको, हसू बी नको, न्हाईतर माझं सगळं मागं-पुढं व्हतंय.

सिरसाळ्यात गुंडप्पाचं किराणा दुकान हाय न, त्याची पोरगी रुद्राणी. लग्न ठरलंय तिचं. पोरगा लातूरचा, चांगलाय, त्याचं काय न्हाई. पण ही बसली रुखवत करायला. आन रुखवताचं तुला म्हायतंयच, बाया मांडवात आल्या की नवरीच्या आधी रुखवत बघत्यात आन घरी जाईस्तोर त्याच्यावरच बोलत्यात. आई म्हणाली बोळकी रंगव, रुमाल विण. रुद्राणीचं ध्यान मात्र दुकानाच्या माळ्यावरच्या एका पेटीत.

पेटी कसली म्हणशील तर लिंबाच्या लाकडाची, काळीकुट्ट, एका कोपऱ्याला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला. आन गंमत म्हंजी ती पेटी ह्यांची नव्हतीच! ती शहादेव आन सरस्वतीबाईची. वस्तीवरची नवरा-बायको, ऊसतोडीला जायची. दसरा झाला, मुकादमाची गाडी आली, की वस्तीवरची लोकं आपलं जपायचं सामान पेटीत घालून गुंडप्पाच्या दुकानात ठेवून जायची. पावती न्हाई, काही न्हाई. उन्हाळ्यात परत आली की जो तो आपली पेटी डोक्यावर घेऊन घरी.

त्या सरस्वतीबाईची पोरगी शिवकन्या. रुद्राणीची जिवाची मैत्रीण, एकाच बाकावर बसायच्या. आईबाप तोडीला गेले की ही बी संग जायची. म्हणून पेटी दुकानात आली की रुद्राणीचं तोंड उतरायचं, आता अर्धा बाक रिकामा. मग शाळा सुटली की ती त्या पेटीवर जाऊन बसायची, फुटाणे खायची. निम्मे आपण खायची, निम्मे पेटीच्या कडंला शिवकन्येच्या नावानं ठेवायची. मुंग्या न्यायच्या. आई, शिवम्मा, झाडू घेऊन वरडायची, "अगं ती काय पेटीतून हात काढून खाणाराय का?" तरी ठेवायची. पेटी हाय म्हंजी शिवकन्या येणार, एवढंच तिला कळायचं.

आन एका साली उन्हाळा आला, सगळ्यांच्या पेट्या गेल्या, ही एकटीच राह्यली.

कोण म्हणालं, ती लोकं कर्नाटकात कुणाच्या तरी मळ्यावर राह्यलेत. फोन लावला तर बंद. पुढल्या साली येतील, त्याच्या पुढल्या साली येतील... सायले, रुद्राणी सातवीतली बीए झाली. पेटी तिथंच. दुसऱ्या मैत्रिणी झाल्या की तिला, न्हाई कशाला म्हणू. पण कुणी मागून "ए" म्हणलं तरी ती अजून वळून बघायची. तिला "रुद्रे" म्हणणारी एकच व्हती.

तर आता लग्न ठरलं तवा तिच्या मनात आलं, शिवकन्या न्हाई तर तिची पेटी तरी यावी माझ्या संग. सासरच्या घरात आपल्या वळखीचं एक तरी काहीतरी असावं. म्हणून गेली बापाकडं.

"अप्पा, ती पेटी मी रुखवताला घेऊ? मस्त रंगवते, बांगड्या-बिंगड्या ठेवायला."

"ती अमानत हाय लोकाची."

"लोक कुठंयत पण?"

"येतील."

तवर शिवम्मा आतून, "येतील येतील म्हणता म्हणता वाळवी यायली तिला! वाळवी काय तुमची अमानत वळखती व्हय?"

गुंडप्पानं हिशेबाची वही मिटली. मग म्हणाला, "आतलं सामान फडक्यात बांधून कपाटात ठेव. पेटी मोडायची न्हाई, खिळा काढायचा न्हाई. रंगव पायजे तर. पण कुणी मागाय आलं तर रंगासकट द्यावी लागंल, आत्ताच सांगून ठेवतो."

आता बघ, पोरगी कशी भिडली. मोबाईलवर हजार व्हिडिओ बघून ठेवलते. पॉलिश पेपर आणला, वाळवीचं औषध मारलं, पुट्टी भरली. आतलं सामान काढलं. एक पितळी तांब्या, दोन लुगडी, शिवकन्येचा लहानपणीचा फ्रॉक. तो फ्रॉक जरा येळ मांडीवर घेऊन बसली. मग झाकण उघडं टाकून आतून बघितलं तर तिथं टिकल्या चिकटलेल्या. मरून रंगाच्या, विटलेल्या, ओळीनं. रुद्राणी म्हणाली, बायका बी ना, कुठंबी टिकल्या चिकटवत्यात! आन घेतला चाकू, खरवडल्या, थिनरनं पुसून काढल्या, वरून पॉलिश पेपर मारला. गाणं म्हणत, बरं का.

पण पेटी काय झाली म्हणून सांगू! भायेरून मोरपंखी रंग, वर बारीक बारीक आरसे, पितळी कडी. आतून शिवम्माच्या जुन्या इरकलीचा काठ, झाकणाला बी तोच. पत्र्याचा कोपरा तेवढा तिनं तसाच ठेवला, निस्ता घासून चमकवला. शहादेवकाकानं ठोकलेला व्हता म्हणून. मग दुकानाच्या पायरीवर ठेवून व्हिडिओ काढला, आधी अशी, आता अशी, आन नेटवर टाकून दिला.

व्हिडिओत मागं दुकानाची पाटी आलती. पाटीवर नंबर.

दोनेक दिवसांनी दुपारचा दुकानातला फोन वाजायला. बाप जेवाय गेलता, हिनंच उचलला.

"हॅलो, काय पायजे?"

तिकडून हळूच, "रुद्रे?"

सायले, तिच्या हातातलं साखरेचं मापटं खाली पडलं. साखर सांडली सगळी.

"शिवे! अगं कुठं मेलीस तू?"

"कडा गावाला दिलीय मला. नवरा तिथंच हाय, गॅरेज हाय त्याचं. व्हिडिओ बघितला, तो पत्रा बघितला. रुद्रे, आमच्या दादांनी ठोकलेला पत्रा हाय तो!"

दोघी रडायल्या, दोघी हसायल्या, कोण काय बोलायलंय कुणालाच कळंना. मग शिवकन्या म्हणाली, "आई गेली गं. दोन वर्सं झाली. तिकडंच, काविळीनं." आन पुढं म्हणाली, "घाईत निघालो आम्ही तवा, तिचा एक फोटो बी धड न्हाई. रुद्रे, झाकणाला आतून आईच्या टिकल्या हायत का गं? उसात घामानं टिकली टिकत न्हाई म्हणून दरसाली निघायच्या दिवशी कपाळाची टिकली काढून झाकणाला लावायची. म्हणायची, आले की घरी आल्यावाणी नवी लावीन, ही इथं राखण बसू दे. हायत का?"

आता तू सांग, माणूस काय बोलंल? रुद्राणीच्या तोंडून निघून गेलं, "हायत की! हायत!"

"मी येते परवा. निस्त्या बघायच्यात."

फोन ठेवला आन पोरगी सांडलेल्या साखरेतच बसली. चाकू दिसायला, थिनरचं फडकं दिसायलं, आन आपण म्हणत व्हतो ते गाणं कानात. कचऱ्यात बघितलं, तर कचरा कवाच गेलता.

मग उठली. सरस्वतीबाई टिकल्या घ्यायची ती ह्यांच्याच दुकानातून न! तसल्या साध्या मरून मखमली टिकल्या आता कोण इकत घेतंय, सगळ्यांना खडेवाल्या पायजेत. माळ्यावर चढली, जुनी खोकी उपसली, शिंकून शिंकून बेजार झाली. सापडलं एक पाकीट, पिवळं पडलेलं. झाकणाचा इरकलीचा काठ टराटरा काढला. टिकल्या लावल्या. किती व्हत्या तेबी आठवंना, अंदाजानं ओळ धरली. मग चहाचं पाणी लावून विटवल्या, वरून धूळ चोळली.

शिवम्मानं दारातून बघितलं. म्हणाली, "काय करायलीस?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हणं. सांगून टाकायचं सरळ, पुसल्या म्हणून."

"आई, तिच्याकडं आईचा धड फोटो बी न्हाई गं."

शिवम्मा वळली. आत जाऊन पोळ्या लाटाय लागली.

शिवकन्या आली. बीडला एष्टी बदलून, घामाघूम. तीच चालायची तऱ्हा, जरा तिरकी. पायरीवरच दोघी गळ्यात पडल्या, गिऱ्हाईक थांबून बघायले. आत आली, पेटीचा रंग बघितला, "अगंबाई, नवरीच केलीस की तिला!" म्हणाली, मग खाली बसली. झाकण उघडलं.

शिवकन्यानं एकेका टिकलीवरनं बोट फिरवलं. मग शेवटची, कडंची, नखानं हळूच सोडवली आन आपल्या कपाळाची खड्याची टिकली काढून कपाळावर ती लावली. दाबून धरली. हात काढला.

टिकली तिथंच.

"रुद्रे, अजून डिंक हाय बघ हिला," म्हणाली. डोळ्यातनं धार. "एवढ्या वर्सांनी बी. आईची टिकली ती, अशी सुटंल व्हय?"

रुद्राणीनं तोंड उघडलं. उघडलं, सायले, शपथ. पण शिवकन्या हसायलती. तसं हसताना बघाय ही किती वर्सं वळून वळून मागं बघत व्हती.

"पेटी घेऊन जा," एवढंच म्हणाली. "तुझीच हाय."

"न्हाई बाई. ती तुझ्या रुखवतात ठेव. मी लग्नाला येणार, सगळ्यांच्या आधी येणार, आन पेटीपाशीच उभी राहणार. येईल त्या बाईला झाकण उघडून दाखवीन, ह्या माझ्या आईच्या टिकल्या. आई मांडवात आल्यावाणी व्हईल बघ."

तांब्या, लुगडी आन फ्रॉक तेवढा फडक्यासकट घेतला. रुद्राणी एष्टीला लावून द्याय गेली. शिवकन्या खिडकीत बसली, गाडी हालली, वारं सुटलं, तसा तिनं कपाळावर हात धरला. टिकली उडू नये म्हणून. दुसऱ्या हातानं टाटा बी केला न्हाई, त्या हातात फडकं व्हतं. गाडी वळणावर जाईस्तोर तसाच हात.

संध्याकाळी मेसेज आला, "पोचले. पडली न्हाई."

रुद्राणीनं चार वेळा लिहिलं आन चार वेळा पुसलं. आता हळद आठवड्यावर आलीय, पेटी रुखवतात सगळ्यात पुढं मांडायचं ठरलंय, आन शिवकन्या तिथं उभी राहणार हाय, तीच टिकली लावून.

आता बोल. तिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस गं?