शेवटच्या गाण्यातले ड्रम्स

सतीश कर्णिक दहापैकी सातच्या वर कधी कुणाला गुण देत नसे. दिवसा तो आइंडहोवन या डच शहरातल्या एका कंपनीत चिप बनवणाऱ्या यंत्रांची डोकेदुखी सांभाळायचा, आणि आठवड्याला दोन या हिशोबाने ब्रिटिश रॅपर आणि इंडी बँड यांच्या नव्या अल्बमवर एका वेबसाइटसाठी लिहायचा. तरुणपणी लीड्सला एक वर्ष शिकायला होता, तेव्हा लागलेलं हे वेड पन्नाशी उलटली तरी उतरलं नव्हतं. साइट चालवणारा अनिमेष बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या उपनगरात राहायचा. तो म्हणायचा, सतीश, तुझ्याकडून सात मिळवणं म्हणजे पुणेरी दुकानदाराकडून हसू मिळवणं.

त्या सोमवारी आलेल्या दोन अल्बमपैकी एक शेफिल्डच्या चार पोरांचा होता. दुसरा हिमानीचा, म्हणजे सतीशच्या मुलीचा. ती 'हिम' या नावाने गात असे, त्यामुळे अनिमेषला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी तिचा थेट सतीशला मेसेज आला, इंग्रजीत दोनच वाक्यं: इतर कुणाच्याही अल्बमवर लिहितोस तसंच लिही. शेवटपर्यंत ऐक.

दोन वर्षांत तिच्याकडून आलेले हे पहिले शब्द. एनस्खेडेच्या कॉलेजातलं इंजिनिअरिंग अर्धवट टाकून ती ब्रिस्टलला गेली, तेव्हा सतीश रागावला होता खरा, पण बोलणं तुटलं नव्हतं. तुटलं ते त्याची बायको नीलिमा गेली त्या वेळी. डॉक्टरांनी मुलीला बोलावून घ्या म्हटलं त्या संध्याकाळी हिमानीचा कार्यक्रम होता. ती सकाळच्या विमानाने आली आणि आईची भेट तीन तासांनी चुकली. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये, आई गेलेल्या मुलीला बापाने विचारलं, "गाणं पूर्ण झालं का तुझं?"

माणूस दुःखात काय वाट्टेल ते बोलतो असं म्हणतात. म्हणत असतील. बोललेलं मात्र परत घेता येत नाही, आणि सतीशने तसा प्रयत्नही केला नाही. दहाव्याचं सगळं आटोपून ती गेली. पुढे वाढदिवसाच्या शुभेच्छा त्याने दोनदा पाठवल्या, त्यांना उत्तर आलं नाही.

आता हा अल्बम आला होता. सतीशची ऐकायची पद्धत ठरलेली होती. एकदा सायकलवर, एकदा भांडी घासताना, आणि तिसऱ्यांदा टेबलाशी हेडफोन लावून, वहीत टिपणं घेत. दहा गाणी होती. पोरगी चांगलं लिहीत होती. गिटार साधी होती, शब्द धारदार होते, आणि आवाज नीलिमासारखा किंचित घोगरा होता. मंगळवार-बुधवारमध्ये त्याने नऊ गाणी तीन-तीनदा ऐकली. दहाव्याचं नाव होतं 'कामर १४'. कामर म्हणजे डच भाषेत खोली. नीलिमा चौदा नंबरच्या खोलीत गेली होती.

त्या गाण्यावर त्याचं बोट काही जाईना. चोराच्या मनात चांदणं. त्याची खात्री होती की कॉरिडॉरमधलं ते वाक्य या गाण्यात आहे आणि पोरीने जगासमोर त्याचा हिशोब चुकता केलाय. नववं गाणं बऱ्यापैकी जोरात संपत होतं, म्हणजे दहावं आणखी जोरात असणार. गुरुवारी संध्याकाळी लेख द्यायचा होता. असल्या वेळी प्रत्येक समीक्षकाच्या खिशात एक तयार वाक्य असतं, सतीशच्याही होतं. यापूर्वी चार-पाच बँडना ते चिकटवलेलं होतं आणि कुणीही पकडलं नव्हतं. त्याने लिहिलं: शेवटच्या गाण्यात ड्रम्स अंगावर येतात, पण शेवटाला तेच हवं होतं.

गुण दिले साडेसात. आयुष्यात पहिल्यांदाच. वरच्या अर्ध्या गुणात त्याने सगळी माफी कोंबली होती, आणि पोरगी हुशार आहे, तिला बरोबर कळेल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

शुक्रवारी अल्बम बाजारात आला, लेखही साइटवर आला. अनिमेषने फोन करून तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. दुपारी कँटीनमध्ये सतीश चीजचं सँडविच खात असताना हिमानीचा मेसेज आला. लहानपणापासून मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डच किंवा इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी. मेसेज मराठीत होता, रोमन अक्षरांत:

"बाबा, शेवटच्या ट्रॅकमध्ये ड्रम्स नाहीत. फक्त आई आहे."

तो सँडविच तसंच ठेवून उठला. सायकलींच्या शेडमध्ये गेला, हेडफोन लावले आणि दहावं गाणं सुरू केलं. ते गाणं नव्हतंच. आधी कुठल्याशा मशीनचा बारीक बीप ऐकू आला, मग ट्रॉली सरकल्याचा आवाज. आणि मग नीलिमा. त्याच संध्याकाळी तिने लेकीला पाठवलेला व्हॉइस मेसेज होता तो. सतीश तेव्हा खाली कॉफी आणायला गेला असावा, कारण मागे त्याचा आवाज कुठेच नव्हता.

"हिमानी, धावपळ करू नकोस गं. कार्यक्रम कर आणि सकाळी ये. मीच सांगतेय, बाबालाही सांगेन." मग थोडा वेळ नुसता श्वास. "आणि त्याच्यावर चिडू नकोस. त्याला बोलता येत नाही धड. पण ऐकतो तो. तुझं सगळं शेवटपर्यंत ऐकतो."

नीलिमाने त्याला ते सांगितलं नव्हतं. तो कॉफी घेऊन वर आला तेव्हा तिला झोप लागली होती, आणि त्यानंतर ती जागी झालीच नाही. म्हणजे मुलगी आईच्या सांगण्यावरून थांबली होती, आणि दोन वर्षं बापाकडे स्वतःची बाजू मांडायला न जाता गप्प राहिली होती. आता तिने ती मांडली होती, तर तो नवव्या गाण्याला उठून गेला.

सतीश शेडमध्ये सायकलींच्या मधोमध रडला. आत येणाऱ्या एका सहकाऱ्याने ते पाहिलं आणि सायकल बाहेरच उभी केली.

मग त्याने अनिमेषला फोन करून ते वाक्य काढायला सांगितलं. अनिमेष म्हणाला, काढतो, पण तिच्या रेकॉर्ड कंपनीने लेखातलं तेच वाक्य सकाळीच पोस्टरवर छापून सगळीकडे टाकलंय, खाली तुझं नाव आणि साडेसात.

सतीशने हिमानीला लिहिलं, "आत्ता ऐकलं." मेसेजवर एक टिक आली. पाच वाजता तो घरी निघाला तेव्हाही एकच होती. मग त्याने फोन लावला, तर तो लागेना. रविवारपर्यंत तिचा फोटोही त्याला दिसेनासा झाला होता.

सोमवारी अनिमेषने पुढचे दोन अल्बम पाठवले. सतीशने दोन्ही शेवटच्या गाण्यापासून ऐकायला सुरुवात केली.