कुणाच्या सांगण्यावरून

“साहेब, कुलूप तुम्ही काढायला लावलंत आणि चोर म्हणून कुलूप बनवणाऱ्यालाच धरलंत.”

ताईने पत्राची सुरुवात अशी केली. आधी ‘सविनय’ लिहिलं होतं, पण ते खोटं वाटलं म्हणून खोडलं. शेजारी साहेबांनी धाडलेला अहवाल पडला होता, तिच्या सहीची जागा मोकळी ठेवून. त्यात कामाचं वाक्य एकच : ‘नोंदी गहाळ होण्याचं कारण मोफत सॉफ्टवेअरमधला मूळ दोष.’ सही केली तर पुढच्या महिन्यापासून नोकरी कायम. नाही केली तर कंत्राट संपलं, नमस्कार.

हे ऑफिस डायलिसिसच्या पाळ्यांचं. अकरा केंद्रांत कुणाला कोणत्या दिवशी कोणती खुर्ची, ते इथून ठरतं. सगळ्या नोंदी एका डेटाबेसमध्ये. तो कुण्या कंपनीचा नाही. जगभरची माणसं मिळून तो बनवतात, एकमेकांच्या चुका चारचौघांत काढतात आणि मागेल त्याला फुकट देतात. ताई हे काम कॉलेजात शिकली नाही. आठ वर्षं त्या माणसांच्या ऑनलाइन चर्चेत प्रश्न विचारत, बोलणी खात शिकली.

दुखणं एवढंच होतं की सकाळी आठला फोन सुरू झाले की स्क्रीन अडायची. एकेका पाळीला बारा सेकंद.

“अगं, तुझा डबा चालतोय की झोपलाय?” फोनवर बसणारी मावशी ओरडायची. “इकडे लोक माझं खानदान उद्धरतायत!”

ताईने चर्चेत विचारलं. उत्तर एका म्हाताऱ्याचं आलं, ज्याला ती मनात खडूस म्हणायची. ‘तुमचा प्रत्येक शोध दहा वर्षांच्या जुन्या पाळ्या चाळत बसतो. फक्त येणाऱ्या पाळ्यांचा इंडेक्स, म्हणजे वेगळी सूची, करा. आणि मशीन विकायला कुणी आलं तर दार लावून घ्या.’ तिने डेटाबेसच्या एका प्रतीवर करून पाहिलं. बारा सेकंदांचं काम डोळा मिटेपर्यंत झालं.

धावत साहेबांकडे गेली.

“कुणी सांगितलं हे?”

“चर्चेतल्या एका म्हाताऱ्याने. या डेटाबेसमधला सॉर्टिंगचा भाग त्यानेच लिहिलाय.”

“किती घेतले?”

“काही नाही.”

“मग राहू द्या. संचालक मंडळासमोर मी काय दाखवू, म्हातारा?”

मंडळाला दाखवायला सल्लागार आला. बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. मावशीने पहिल्याच दिवशी त्याचं स्लाइडराव असं बारसं केलं. त्याने सोळा नव्या मशीन मागवल्या. पाळ्या सोळा ठिकाणी वाटायच्या म्हणजे वेग वाढेल, असं त्याचं म्हणणं. खोकी आली, पॅसेजमध्ये रचली, आणि अख्खं ऑफिस खेकड्यासारखं आडवं चालू लागलं.

गुरुवारी मंडळ आलं. स्लाइडराव आदल्या दिवशी तासभर जुन्याच मशीनपाशी बसला होता. मोठ्या स्क्रीनवर आलेख झळकला : नोंदी लिहिण्याचा वेग सातपट. टाळ्या पडल्या. सोळा मशीनचं कौतुक झालं. खोक्यांची चिकटपट्टीसुद्धा कुणी फाडली नव्हती.

ताईने सेटिंगची फाइल उघडली आणि डोक्याला हात लावला. हा डेटाबेस नोंद डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही. त्याला थोडा वेळ लागतो, पण तीच त्याची इमानदारी. स्लाइडरावने नेमकं तेच बंद केलं होतं. आता नोंद हवेत असतानाच ‘झालं’.

“म्हणजे आपल्या ऑफिससारखंच की,” मावशी म्हणाली. “आधी झालं म्हणायचं, मग बघू म्हणायचं.”

ताईचा एक नियम होता. ओळ बदलली की शेजारी लिहायचं : कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून. स्लाइडरावने नियम पाळला होता, बहुतेक स्वतःची कातडी वाचवायला. ‘तात्पुरतं. साहेबांच्या सांगण्यावरून.’ बदल परत फिरवायचा पासवर्ड मात्र त्याने ‘सुरक्षेसाठी’ स्वतःकडे ठेवला होता.

“साहेब, हे आजच चालू करायला हवं.”

“करू की. मंडळाचं मंजुरीचं पत्र येऊ द्या.”

“तोवर वीज गेली तर?”

“बॅटरी आहे ना!”

डेटाबेसच्या मशीनची बॅटरी गुरुवारीच मोठ्या स्क्रीनखाली गेली होती. पाहुण्यांसमोर स्क्रीन विझली तर बरं दिसत नाही.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी बाराच्या आधी वीज गेली. चारच मिनिटं. मोठ्या स्क्रीनवर ‘सातपट’ दिमाखात उभं होतं आणि आत डेटाबेसच्या फाइली अर्धवट लिहून पडल्या होत्या. स्लाइडरावने आता न मागता फोनवर पासवर्ड सांगितला. ताईने पहाटेची प्रत चढवली. त्या सकाळच्या दोनशे चौदा नोंदी गेल्या. त्यातल्या प्रत्येक रुग्णाला ‘पाळी पक्की’ असा मेसेज गेलेला.

दुसऱ्या दिवशी शिंपीकाका केंद्रावर पोचले, तर त्यांच्या खुर्चीत दुसरंच कुणी. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस. पाय एवढे सुजलेले की बुटाच्या नाड्या सुट्या. त्यांनी ऑफिसला फोन लावला. “मावशी, मी मापात कधी चुकत नाही. वेळ हीच दिली होती.” या केंद्रातून त्या केंद्रात त्यांना नाचवलं. शुक्रवारी श्वास लागला. अजून दवाखान्यात आहेत.

आणि वर हा अहवाल.

“कुणावर तरी ढकलायचंच आहे ना ताई,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले होते. “ज्यांचं ऑफिसच नाही, त्यांच्यावर ढकलू. ते काय भांडायला येणारेत?”

मावशीने तिच्या खांद्यावरून पत्र वाचलं. “कर गं सही. तो खडूस काय तुझं घर चालवणारे?”

“नाही चालवणार. पण उद्या याच अहवालाच्या जोरावर ती खोकी उघडतील आणि हेच सेटिंग सोळा मशीनवर लावतील. मग पुढचा शिंपीकाका कोण?”

मावशीने हेडफोन काढून टेबलावर आपटला. “मग माझी साक्ष घाल. बॅटरी साहेबांनीच हलवायला लावली. माझ्या पायावरून ओढत नेली मेल्यांनी.”

ताईने दोन प्रती जास्त काढल्या, एक मंडळाला, एक त्या चर्चेत टाकायला. अहवालातली सहीची जागा कोरीच ठेवली आणि पत्र पुरं केलं :

“बदललेली ओळ, तारीख आणि सांगणाऱ्याचा उल्लेख सोबत जोडला आहे. अहवाल सहीविना परत करते. साहेब, ती ओळ तुमच्या सांगण्यावरून बदलली की नाही? समिती नको, पुढचा आठवडा नको. हो की नाही, लेखी द्या. आज.”