कोरड्यात उभा केलेला मोजखांब

मी एक जुना मोजखांब आहे. पाणी किती चढलं, किती उतरलं, हे सांगण्यासाठी पाणथळीत रोवलेला लाकडी खांब. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू बोलायला लागल्या की तुम्हाला वाटतं, आता ही आपली थोरवी गाणार आणि शेवटी दोन आसवं गाळणार. थोरवी माझ्याकडे थोडीफार आहे. आसवंही आहेत. पण माझ्या मनात काठोकाठ भरून राहिली आहे ती किळस. गाळाची किळस मला कधीच आली नाही, गाळात मी एकतीस वर्षं सुखाने उभा होतो. माझी किळस वेगळी आहे, ती सांगतो. ऐका तर.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुताराने. सागाचं सरळ लाकूड निवडून त्याने ते तासलं, बुडाला लोखंडी टोपण बसवलं. त्याच्या बायकोने चष्मा पुसून पुसून माझ्या पांढऱ्या अंगावर काळे आकडे रंगवले. खाली शून्य, वर तीन मीटर, मध्ये बारीक रेघा. दोनचा आकडा तिच्या हातून जरा पोट सुटल्यासारखा झाला.

"पुसून परत काढू का?" तिने विचारलं.

"राहू दे गं," सुतार म्हणाला, "पोट सुटलं म्हणून काय झालं, खरं बोलला म्हणजे झालं."

हा मला मिळालेला पहिला आणि शेवटचा उपदेश.

पाणथळीच्या कडेला, लहान पुलाशेजारी, एक काळा खडक आहे. त्याच्यावर छिन्नीने कोरलेली एक आडवी रेघ आहे. माझा सगळ्यात वरचा, तीनचा आकडा त्या रेघेच्या अगदी पातळीत आला, तेव्हाच मला ठोकून पक्कं केलं. मोजखांबाची सगळी अब्रू त्या पातळीत असते. खांब वर सरकवा, पाणी कमी दिसेल. खाली सरकवा, जास्त दिसेल. पाणी बिचारं आहे तिथेच असतं.

माझं वाचन करायला रोज सकाळी एक माणूस यायचा. वस्तीतली मुलं त्याला मोजणीकाका म्हणायची. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, चपला पुलावर काढून ठेवायच्या, पाण्याला हात जोडायचे आणि माझ्यासमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "एक मीटर चाळीस! एक मीटर चाळीस!" दोनदा म्हणायची त्याची रीत होती. मुलांनी कारण विचारलं तर सांगायचा, "एकदा पाण्याला ऐकवायचं, चूक असली तर ते सांगेल. मग वहीला." आवाज असा गोड आणि मोकळा, की समोरच्या लव्हाळ्यातल्या पाणकोंबड्याही मान वर करायच्या. परमेश्वराचं नाव घ्यावं तसा तो माझा आकडा घ्यायचा.

आणि पाणथळ काय होती म्हणून सांगू! देवाने जमिनीला दिलेली ओंजळ. आजूबाजूच्या तीन वस्त्यांचं पाणी ती पावसाळ्यात पोटात घ्यायची आणि उन्हाळाभर विहिरींना थोडं थोडं परत द्यायची. एका वर्षी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. मी दोन मीटर साठ दाखवले, पण तिन्ही वस्त्यांत एकाही उंबऱ्याच्या आत पाणी गेलं नाही. लोक म्हणाले, खांबाने आधीच सांगितलं होतं, म्हणून वेळेत बांध घालता आले. शाळेतल्या मुलांनी माझी चित्रं काढली. एकाने मला मिशा काढल्या होत्या. मी तेव्हा फार खूश होतो, मित्रांनो, खोटं कशाला बोलू.

मग दिवस पालटले. पाडलेल्या घरांचा राडारोडा आमच्या एका कोपऱ्यात येऊन पडू लागला. आधी विटा, मग फरशा, मग फुटके कमोड, दवाखान्यातल्या डागाळलेल्या गाद्या, रंगाचे अर्धे डबे. पाण्यावर तेलाची साय आली. ती माझ्या अंगाला चिकटायची आणि उतरता उतरायची नाही. त्या कोपऱ्यातले बेडूक एका पावसाळ्यात गायब झाले. मोजणीकाकाने कचेरीत सात अर्ज दिले. आठव्यांदा गेला तेव्हा कारकून म्हणाला, "काका, तुम्ही पाणी मोजा. घाण मोजायला वेगळं खातं आहे."

ते खातं कुठे आहे, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

आणि मग घरांची योजना आली. इथे मला नीट बोललं पाहिजे, कारण घरं हवी होती हे अगदी खरं होतं. मोजणीकाकाची थोरली मुलगी दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. नवरा गेल्यापासून तीन मुलांना घेऊन एका इमारतीच्या जिन्याखाली राहत होती. छत तिरकं. उंच बाजूला ती स्वतः झोपायची आणि सगळ्यात धाकटा डोकं आदळणार नाही म्हणून खालच्या बाजूला. वरून कोणी धावत उतरलं की ताटात माती. अशी सात वर्षं. योजनेच्या यादीत तिचं नाव लागलं, तेव्हा मोजणीकाकाने त्या सकाळी माझा आकडा तीनदा म्हटला.

जागा दोन होत्या. एक बंद पडलेल्या गोदामांची, उंच आणि टणक. दुसरी आमची. गोदामांच्या जागेवर पैसेवाल्यांचे मनोरे व्हायचे होते. गरिबांची घरं पाणथळीत भराव घालून बांधायची आणि उरलेल्या डबक्याचं शोभेचं तळं करायचं, मनोऱ्यांच्या खिडक्यांतून दिसायला. आडवा येत होता एकच नियम. खांबाच्या वहीत सबंध वर्ष पाणी दिसलं नाही, तरच ती जमीन कोरडी धरायची.

एके दिवशी योजनेचे साहेब आले. चिखल लागू नये म्हणून त्यांनी बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. सोबतच्या मजुरांनी तिथल्या तिथे त्यांचं नाव पिशवीसाहेब ठेवलं.

"खांब फार जुना झालाय," ते मोजणीकाकाला म्हणाले, "जरा वर घ्या त्याला. डागडुजी म्हणून."

"वर म्हणजे कुठे साहेब?"

"त्या टेकाडावर."

"तिथे पाणी चढत नाही."

"हुशार आहात." साहेब हसले. "तुमच्या लेकीचं नाव यादीत आहे ना? तिला किती दिवस जिन्याखाली ठेवणार? आम्ही काय स्वतःसाठी करतोय का हे सगळं?"

मित्रांनो, माझ्या किळसेचा उगम हा आहे. राडारोडा निदान राडारोडा म्हणून येतो. हे मात्र गरिबाच्या गरजेचा रुमाल नाकाला लावून आलं होतं.

मोजणीकाकाने मला स्वतःच्या हातांनी उपटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता त्याने मला हात लावला. टेकाडावर खड्डा खणून मला उभं केलं. खडकावरच्या रेघेकडे तो गेलाच नाही.

त्यानंतरचा पावसाळा मी विसरू शकत नाही. रोज सकाळी तो गुडघाभर पाण्यातून चालत यायचा, टेकाड चढायचा, पँटमधून पाणी निथळत असताना माझ्या कोरड्या बुडाकडे बघायचा आणि पुटपुटायचा, "शून्य." एकदाच. पाण्याला ऐकवायची त्याची छाती होत नव्हती. वहीत शून्य, शून्य, शून्य. मी ओरडून सांगणार तरी कसा? माझ्या अंगावरचा प्रत्येक आकडा खरा होता आणि मी उभा खोटा होतो.

एक दिवस पाऊस जोरात होता. बाप छत्री विसरला म्हणून थोरली ती घेऊन आली. साडी खोचून पाण्यात उतरली आणि टेकाडाच्या पायथ्याशी थबकली. वर बाप वाचत होता.

"बाबा, काय म्हणालात?"

"काही नाही. तू जा, भिजशील."

"शून्य म्हणालात तुम्ही."

त्याने वही मिटून काखेत धरली.

"मग मी कशात उभी आहे?"

पाणी तिच्या मांड्यांपर्यंत होतं. एक फाटकी गादी तरंगत तिच्या कमरेला लागली, तिने ती कोपराने ढकलली.

"माझं घर कुठे येणार आहे, बाबा?"

मोजणीकाकाने हात वर केला आणि ती उभी होती तीच जागा दाखवली. तळमजला.

मला वाटलं ती रडेल. ती शिसारी आल्यासारखी बघत राहिली, आधी गादीकडे, मग बापाकडे. "मला घर हवंय," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही इतकं हवंय. रात्री मी कुलपाचं स्वप्न बघते, माझ्या दाराच्या. पण माझी पोरं काय बेडकं आहेत? आणि हे पाणी इथून हाकललं तर जाईल कुठे? खालच्या वस्तीत. तिथे कोण राहतं? तिथेही आपलीच माणसं."

"खरं सांगितलं तर तुझं नाव कापतील गं."

"कापू देत. तुमच्या तोंडून शून्य ऐकण्यापेक्षा जिना बरा."

पुढच्याच आठवड्यात जागा बघायला समिती येणार होती. थोरलीने यादीतल्या बायकांना गोळा केलं. त्यांच्यातल्या एकीचा भाऊ गवंडी होता. समिती आली त्या दिवशी तो पारदर्शक नळीचं भेंडोळं खांद्यावर टाकून आला. भिंतींची पातळी बघायला गवंडी ही नळी पाण्याने भरून वापरतात, दोन्ही टोकांना पाणी नेहमी एकाच उंचीवर उभं राहतं. त्याने एक टोक काळ्या खडकावरच्या रेघेला लावलं, दुसरं टेकाडापर्यंत ओढत आणलं. रेघेच्या पातळीला त्याने टेकाडाच्या उतारावर खुंटी मारली. तिथे माझा तीनचा आकडा हवा होता, पण माझं शून्यच त्या खुंटीच्या पुरुषभर वर होतं.

"पातळीत थोडाफार फरक पडतोच," पिशवीसाहेब म्हणाले.

"साहेब," गवंडी म्हणाला, "एवढा फरक पडला तर मी दार बांधायला जाऊन खिडकी बांधून येईन."

बायका हसल्या. समितीतल्या एक बाई हसल्या नाहीत, त्यांनी वही मागितली. तेव्हा मोजणीकाका पुढे आला. त्याने वही दिली आणि मोकळ्या आवाजात सांगितलं, "खांब मी हलवला. खांब मी हलवला." दोनदा.

त्याची नोकरी गेली. थोरलीचं नाव कापलं गेलं आणि दीड वर्ष खेटे घातल्यावर परत लागलं. गरिबांची घरं आता गोदामांच्या उंच जागेवर होत आहेत. मनोरे कमी झाले, पाणथळ राहिली, राडारोडा पडलेला कोपरा मात्र मेला तो मेलाच. थोरली अजून जिन्याखाली आहे. तिच्या घराच्या भिंती खांद्याइतक्या आल्या आहेत, सुट्टीच्या दिवशी ती जाऊन त्यांना हात लावून येते.

आणि माझं काय झालं? मला धुतलं, घासलं, नवा रंग दिला. म्हातारीचा तो पोट सुटलेला दोनचा आकडा पुसून छापील चिकटवला आणि मला योजनेच्या कचेरीत काचेच्या पेटीत उभं केलं. खाली पाटी आहे: 'निसर्ग आणि निवारा, दोन्हींचा साक्षीदार.' उद्घाटनाला पिशवीसाहेबच आले. ते आता मोठे साहेब झाले आहेत. "पाणथळ वाचवायचं आमचं पहिल्यापासून स्वप्न होतं," असं म्हणून त्यांनी काचेवरून हात फिरवला. टाळ्या पडल्या. मला ओकारी येत नाही, मित्रांनो, लाकडाला ती सोय नाही.

पाणथळीत माझ्या जागी आज कोणीच नाही. नव्या खांबाची मंजुरी यायची आहे म्हणे.

मुलांनो, तुम्ही शाळेच्या सहलीला इथे याल, काचेला नाक लावाल. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. माझी चित्रं काढू नका, माझ्यावर निबंध लिहू नका. आपल्या मोठ्यांना घेऊन या, ही काच उघडायला लावा आणि मला परत गाळात रोवा, रेघेची पातळी बघून. मग रोज सकाळी कोणीतरी पाण्यात उतरा आणि पाणी जिथे असेल तो आकडा मोठ्याने म्हणा.